रोजच्या मननासाठी वेळ कसा काढायचा: कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरांसाठी

रविवारी उपासना संपली की चर्चच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर येतं: "रोज वचन वाचायचं मनात असतं हो, पण वेळच मिळत नाही." असं म्हणणारी माणसं आळशी नसतात. कुणी शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर असतं, कुणी पहाटे धार काढून डेअरीला दूध घालून मग पोरांच्या डब्याला लागतं, कुणाच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. अशा माणसाला "लवकर उठा की झालं" एवढंच सांगणं मला बरोबर वाटत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मननाची, म्हणजे रोज पवित्र शास्त्रातलं (बायबलमधलं) वचन वाचून त्यावर विचार आणि प्रार्थना करण्याची वेळ एकट्याच्या निश्चयावर फार दिवस तग धरत नाही. ती टिकते घरातल्या कामांच्या वाटणीवर. पाणी कोण भरतं, डबा कोण करतं, रात्री टीव्ही कधी बंद होतो, मोबाईल कुठं ठेवला जातो, यावर सकाळी पवित्र शास्त्र उघडणार की नाही हे ठरतं. म्हणून खाली सांगितलेलं एकट्यानं न वाचता घरात दोघांनी-तिघांनी मिळून वाचलं तर जास्त उपयोग होईल.

आधी दिवस कागदावर उतरवा

एक कागद घ्या आणि नेहमीचा कामाचा दिवस जसा जातो तसा लिहून काढा. जसा जायला हवा तसा नको, जसा जातो तसा. किती वाजता उठता, पाणी कधी भरता, स्वयंपाक कधी, घर कधी सोडता, परत कधी येता, जेवण कधी, टीव्ही किती वेळ, हातात मोबाईल घेऊन अंथरुणावर किती वेळ, झोप कधी. मोबाईलच्या सेटिंगमध्ये दिवसभरात तो किती वेळ वापरला ते दिसतं, तो आकडाही लिहा.

आता त्या कागदावर दोन प्रकारच्या जागा शोधा. पहिली म्हणजे रोज न चुकता घडणारी गोष्ट: चहा, अंघोळ, पोरं शाळेला गेल्यावर दार लावून आत येणं, कंपनीच्या बसची वाट बघणं, रात्रीची भांडी आवरणं. मनन अशा एखाद्या गोष्टीला जोडायचं. "सकाळी कधीतरी वाचेन" हे होत नाही. "पोरांची रिक्षा गेली की चहाचा कप घेऊन बसायचं" हे होतं. दुसरी जागा म्हणजे जिथं वेळ नकळत जातो. ती बहुतेक घरांत रात्री नऊ ते अकरामध्ये सापडते.

सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरेत. तेवढीही नसतील तर दहा. तासभराचा संकल्प करून चौथ्या दिवशी सोडून देण्यापेक्षा दहा मिनिटं महिनाभर धरून राहणं कितीतरी चांगलं. वेळ वाढवायची असेल तर महिन्यानंतर बघा.

सकाळ आदल्या रात्री सुरू होते

कोल्हापूरला हे नव्यानं सांगायला नको. तालमीतला पैलवान पहाटे जोर-बैठकांना उभा राहतो तो आदल्या रात्री वेळेवर जेवून झोपलेला असतो म्हणून. वस्ताद त्याच्या उठण्याइतकंच त्याच्या झोपण्याकडंही लक्ष ठेवतो. पहाटेच्या मननाचं तसंच आहे.

म्हणून रात्री चार गोष्टी करा. मोबाईल उशाजवळून उचलून दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. गजरासाठी हवा असेल तर साधं घड्याळ आणा. पवित्र शास्त्र, वही आणि पेन ठरलेल्या जागी मांडून ठेवा आणि उद्याच्या उताऱ्यावर खूण घाला, म्हणजे सकाळी "काय वाचू" यात पाच मिनिटं जात नाहीत. कणीक मळून, भाजी चिरून, पोरांची दप्तरं भरून ठेवता येत असतील तर ते रात्रीच उरका, आणि ते एकटीच्या अंगावर टाकू नका. चौथी गोष्ट झोपेची. पंधरा मिनिटं लवकर उठायचं असेल तर पंधरा मिनिटं लवकर झोपायचं. झोप कापून केलेलं मनन फार दिवस चालत नाही. पवित्र शास्त्रातलं १२७ वं स्तोत्र तर पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबण्याला व्यर्थ म्हणतं, आणि प्रभू आपल्या प्रियजनांना झोप देतो असं सांगतं.

घरातल्या बाईची वेळ आधी ठरवा

हा भाग मला या लेखात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडच्या अनेक घरांत वडील सकाळी शांतपणे वचन वाचत बसतात आणि त्या वेळी आई गॅसपाशी उभी असते. त्यांचं मनन तिच्या कामावर उभं असतं. तिला मात्र दिवसभरात असा एकही तुकडा मिळत नाही जिथं कुणी हाक मारत नाही. मग ती भांडी घासताना गाणं म्हणते, पोळ्या लाटताना मनात प्रार्थना करते. देव तीही ऐकतो, यात मला शंका नाही. पण शास्त्र हातात घेऊन शांत बसण्याचा तिचाही हक्क आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात मार्था कामाच्या धबडग्यात असताना मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते. हा उतारा सांगून बायकांना "मरीयेसारखं व्हा" असं म्हटलं जातं. त्या दिवशी मार्थेच्या चुलीशी जाऊन बसायला घरातलं दुसरं कुणी का उठलं नाही, हे आपण आपल्या घरापुरतं तरी विचारलं पाहिजे.

तेव्हा करायचं असं. वरचा कागद समोर ठेवून घरातल्या सर्वांनी आधी तिची पंधरा मिनिटं पक्की करावीत, बाकीच्यांची त्यानंतर. त्या पंधरा मिनिटांत दूधवाला आला तर दार कोण उघडणार, नळाला पाणी आलं तर मोटर कोण लावणार, सासूबाईंना चहा कोण देणार, धाकटं उठून रडायला लागलं तर कोण घेणार, हे नावानिशी ठरवा. "मदत करू" असं मोघम बोलणं पहिल्याच दिवशी फसतं.

कसबा बावड्यातल्या एका मावशींच्या घरी हे मी जवळून पाहिलं आहे. त्यांच्याकडं दोन म्हशी आहेत. सकाळची धार त्या काढतात, पण डेअरीला दूध घालायला मुलगा जातो. तो किटली घेऊन बाहेर पडला की त्या हात धुतात, मागच्या पायरीवर बसतात आणि मोठ्या अक्षराचं शास्त्र मांडीवर घेतात. तो परत येईपर्यंतची वेळ त्यांची. सून तेवढ्यात चहा टाकते आणि त्यांना हाक मारत नाही. दुपारी सगळं आवरल्यावर सुनेची पाळी, तेव्हा नातवाकडं मावशी बघतात. यात कुणीही जास्त लवकर उठायला लागलेलं नाही. कामं फक्त वाटली गेली.

पाळीप्रमाणे वेळ

पहाट उत्तम हे खरंच आहे. खुद्द प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असं मार्कच्या शुभवर्तमानाच्या १ ल्या अध्यायात आहे. पण पवित्र शास्त्रात पहाट ही एकच वेळ नाही. दानीएल राजदरबारी मोठ्या हुद्द्यावर होता, कामाचा भार होता, तरी तो माडीवरच्या खोलीत दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. ६३ व्या स्तोत्रात दावीद अंथरुणावर, रात्रीच्या प्रहरी देवाचं मनन करतो. त्यामुळं तुमची पाळी जशी तशी वेळ निवडा आणि मनात कमीपणा धरू नका.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत पाळ्या बदलत असतील तर घड्याळाची वेळ धरू नका, गोष्ट धरा. उदाहरणार्थ, "झोपून उठल्यावर पहिला चहा". मग पाळी कोणतीही असो, मनन त्या चहाबरोबर जातं. इचलकरंजीत मागावर बारा-बारा तास उभं राहणाऱ्याला घरी आल्यावर वाचताना डोळा लागतोच. त्यानं जाण्याआधीची दहा मिनिटं घ्यावीत आणि रात्री फक्त प्रभूची प्रार्थना (येशूनं शिकवलेली) म्हणून झोपावं.

रात्रपाळी करणाऱ्यांसाठी, विशेषतः आपल्या मंडळ्यांतल्या (चर्चमधल्या) नर्स भगिनींसाठी, १३४ वं स्तोत्र आहे. तीनच वचनांचं आहे आणि ते रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहे. ड्युटी सुरू होण्याआधी कपडे बदलताना ते म्हणता येतं. सकाळी घरी आल्यावर मात्र आधी खाऊन झोपा. मनन उठल्यावर.

ऊसतोडीच्या आणि गळीत हंगामाच्या महिन्यांत शेतकऱ्यांचं, कारखान्यातल्या कामगारांचं, ट्रॅक्टरवाल्यांचं वेळापत्रक पार बदलतं. अशांनी वर्षाची दोन वेळापत्रकं करावीत, एक हंगामाचं आणि एक एरवीचं. हंगामात पाच मिनिटं, एक छोटा उतारा. एरवी सावकाश.

केएमटी, एसटी किंवा कंपनीच्या बसनं जाणाऱ्यांना ऐकण्याची सोय आहे. मराठी पवित्र शास्त्र वाचून दाखवणारी मोफत ॲप मोबाईलवर मिळतात. मार्कचे सोळाही अध्याय ऐकायला दोन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे रोजच्या जाण्यायेण्यात आठवड्यात एक शुभवर्तमान सहज होतं. दुचाकीवर असाल तर कानात काही घालू नका. घरून निघताना एक वचन मनात घ्या आणि वाटेत तेच घोळवा.

जागा आणि सामान

दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली कुठून आणणार? जागा म्हणजे एक खुर्ची, जिन्याची एक पायरी, गच्चीचा कोपरा, शेतावरच्या विहिरीचा काठ. ती रोज तीच असावी एवढंच. रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी फेरी संपल्यावर बाकावर दहा मिनिटं बसावं. भिंतीला भिंत लागून घरं असतील आणि शेजारी वेगळ्या श्रद्धेचे असतील तर आवाज बेताचा ठेवा. पहाटे मोठ्यानं गाऊन कुणाची झोप मोडण्यात साक्ष नाही.

छापील शास्त्र मोबाईलपेक्षा बरं, कारण त्यावर मेसेज येत नाहीत. चाळिशीनंतर मोठ्या अक्षराची प्रत घ्या. डोळे ताणून वाचायला लागलं की माणूस नकळत टाळायला लागतो. तरुण मुलांना जुन्या वळणाचं मराठी जड जात असेल तर सोप्या मराठीतली आवृत्ती द्या. एक साधी शाळेची वही पुरे. 'उपासना संगीत' हे गाण्यांचं पुस्तक हाताशी असू द्या.

काय वाचायचं

पुष्कळ जण १ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरू करतात. उत्पत्ती आवडीनं होतं, निर्गमाचा पहिला अर्धा भागही होतो, आणि लेवीयच्या अर्पणांच्या नियमांत वाचन थांबतं. पवित्र शास्त्रात एकूण १,१८९ अध्याय आहेत. वर्षात पूर्ण करायचे तर रोज तीन ते चार अध्याय पडतात. पंधरा मिनिटांत तेवढं उरकता येईल, पण त्यावर थांबता येणार नाही. रोज एक अध्याय म्हटलं तर सव्वातीन वर्षं लागतात आणि त्यात काही बिघडत नाही.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनी मार्कपासून सुरुवात करावी, असं मी सुचवेन. सोळा अध्याय आहेत, रोज अर्धा घेतला तर महिन्याभरात होतो. गोष्टी छोट्या आहेत आणि वेगानं पुढं जातात. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र आणि रूथ, दोन्ही चार-चार अध्यायांची. मग योहान. सोबत रोज एक स्तोत्र. स्तोत्रं १५० आहेत, म्हणजे पाच महिने. ११९ वं १७६ वचनांचं आहे, ते एका बैठकीत नको. मूळ रचनेतच त्याचे आठ-आठ वचनांचे बावीस भाग आहेत, रोज एक घ्या. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, तारखेप्रमाणे एक वाचायची पद्धत जुनी आणि चांगली आहे. पोरं कॉलेजात जायला लागली की त्यांना ती विशेष आवडते.

मननाची छापील पुस्तिका वापरत असाल तर वापरा, पण आधी उतारा शास्त्रातून वाचा आणि मग पुस्तिकेतला विचार. मोबाईलवर रोज येणारं सजवलेलं वचन चांगलं असतं, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं वचन त्यात नसतं. ते आलं की संदर्भ बघून पूर्ण अध्याय उघडा.

ती पंधरा मिनिटं

आता प्रत्यक्ष बसल्यावर काय करायचं ते एक उतारा घेऊनच बघू. मार्क १, वचनं २९ ते ३९.

बसल्यावर अर्धा मिनिट काही करू नका. श्वास सावकाश होऊ द्या. मग एका वाक्यात प्रार्थना: "प्रभू, तुझं वचन मला समजू दे."

पहिल्यांदा उतारा सावकाश, शक्यतो ओठ हलवत वाचा. दुसऱ्यांदा वाचताना पेन हातात घ्या आणि साधे प्रश्न विचारा: कुठं, कधी, कोण, काय. शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीचा दिवस आहे. येशू सभास्थानातून निघून शिमोन व अंद्रिया यांच्या घरी येतो. शिमोनाची सासू तापानं पडली आहे. तो तिचा हात धरून तिला उठवतो, ताप जातो आणि ती त्यांची सेवा करू लागते. सूर्य मावळल्यावर लोक आजाऱ्यांना घेऊन येतात. सूर्य मावळल्यावरच का? कारण शब्बाथ तेव्हा संपतो. सगळं गाव दाराशी जमतं. म्हणजे त्या रात्री त्याला उशीर झालेला असणार. आणि तरी दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात जातो.

इथं थांबून विचार करण्यासारखं खूप आहे. जो दिवस सर्वांत धकाधकीचा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही पहाट आहे. पुढं बघा. शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत येतात आणि सांगतात, सगळे तुम्हाला शोधत आहेत. प्रार्थनेत खंड पडला. तो त्यांच्यावर चिडत नाही. पण हे सगळं घडलं त्या कफर्णहूम गावात दाराशी जमलेल्या गर्दीकडं परतही जात नाही. जवळपासच्या गावांत जाऊ, मी त्यासाठीच आलो आहे, असं म्हणतो. दिवसाची दिशा गर्दीनं ठरवली नाही, प्रार्थनेत ठरली.

आता वहीत तीन-चार ओळी लिहा. तारीख, संदर्भ, काय दिसलं, आणि आज त्यातलं काय करायचं. शेवटची ओळ नेमकी हवी. "मी देवावर अधिक विश्वास ठेवीन" असं लिहिलं तर संध्याकाळी तपासता येत नाही. "आज दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असताना कामगारावर आवाज चढवणार नाही" किंवा "आजारी शेजारणीला दुपारी भेटून येणार" हे तपासता येतं.

मग प्रार्थना. काय बोलावं सुचत नसेल तर प्रभूनं शिकवलेली प्रार्थना, मत्तय ६:९ ते १३, एकेका ओळीवर थांबत म्हणा. "आमची रोजची भाकर" या ओळीवर थांबून घरच्या पैशापाण्याचं बोला, हप्त्याचं बोला, दुधाच्या बिलाचं बोला. "आमची ऋणे आम्हांस सोड" या ओळीवर थांबून भावकीत ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं नाव घ्या. एवढ्यातच पंधरा मिनिटं भरतात. घड्याळाकडं सारखं बघावं लागू नये म्हणून गजर लावून ठेवा.

शेवटी एक वचन निवडून दिवसभरासाठी सोबत घ्या. चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा, गॅसच्या ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवा, दुकानाच्या गल्ल्यात ठेवा.

प्रार्थनेची वही

वहीच्या मागच्या बाजूनं सुरू करा. डावीकडं तारीख आणि विनंती, उजवीकडं मोकळी जागा. पोराची बारावी, सासऱ्यांचं ऑपरेशन, नोकरीचा कॉल, मंडळीतल्या कुणाचं दुखणं. उत्तर मिळालं की उजवीकडं तारीख घाला. उत्तर "नाही" असं आलं तरी लिहा. दोनेक वर्षांनी ही पानं चाळताना विश्वासाला जो आधार मिळतो तो दुसऱ्या कुठल्या मार्गानं क्वचित मिळतो.

यादी लांबली की रोज सगळी नावं घेणं ओझं होतं. वारांत वाटा. घरची माणसं रोज, बाकीची वारानं. शनिवारी पाळक (चर्चचे पास्टर) आणि उद्याची उपासना ठेवा. इतरांच्या खाजगी गोष्टी वहीत लिहिताना नुसती आद्याक्षरं लिहा, कारण वही घरात कुणाच्याही हाती लागते.

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना

वैयक्तिक मनन आणि घरची प्रार्थना यांपैकी एकच जमत असेल तर लहान मुलं असलेल्या घरानं आधी घरची प्रार्थना धरावी, असं माझं मत आहे. मुलं आईबापांना वाचताना बघतात ते त्यांना आयुष्यभर पुरतं.

वेळ जेवणाआधीची ठेवा. जेवणानंतर मुलं पेंगतात आणि मोठी माणसं मोबाईलकडं वळतात. ताटं घेण्याआधी सगळे खाली बसले की दहा मिनिटं. एक गाणं, सगळी कडवी नकोत, दोन पुरेत. नारायण वामन टिळकांनी (१८६१ ते १९१९) मराठी मंडळीला अभंगाच्या, भजनाच्या चालीवर म्हणता येतील अशी गाणी दिली. ती मुलांच्या तोंडी लवकर बसतात आणि पेटी-तबला नसला तरी टाळ्यांवर होतात. मग आठ-दहा वचनं, मुलांनी पाळीपाळीनं वाचायची. शब्द अडखळला तर हळूच सांगा, सगळ्यांदेखत चूक काढू नका. एक प्रश्न: "यातलं तुला काय आवडलं?" मोठ्यांनी त्यावर व्याख्यान देऊ नये. मग प्रत्येकाची एकेका वाक्याची प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना.

घरात सगळेच ख्रिस्ती नसतील, किंवा कुणाला बसायचं नसेल, तर सक्ती करू नका. दार उघडं ठेवा, टीव्हीचा आवाज तेवढा वेळ कमी करायची विनंती करा आणि जे आहेत त्यांच्यासह सुरू करा. घरात कॅथलिक सून किंवा जावई आले असतील तर त्यांच्या रोजरीलाही (जपमाळेच्या प्रार्थनेलाही) घरात जागा द्या.

सोबत कुणीतरी हवं

कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथं आले तेव्हापासूनचं. शहरातलं वाइल्डर मेमोरियल चर्च याच घराण्याचं नाव सांगतं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच कोल्हापुरात जन्मला. पुढं रॉबर्ट अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकत असताना तो आणि त्याची बहीण ग्रेस ही भावंडं एकत्र बसून नेमानं प्रार्थना करत, की विद्यार्थ्यांनी मिशनकार्यासाठी पुढं यावं. १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथल्या मेळाव्यात शंभर विद्यार्थी पुढं आले आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी राहिली. त्या चळवळीच्या मुळाशी एका घरात बसणारी दोन भावंडं होती.

तुम्हीही एक माणूस शोधा. नवरा-बायको, बहिणी-बहिणी, मैत्रिणी, तरुण संघातले दोघं. रोज रात्री एकमेकांना फक्त उताऱ्याचा संदर्भ पाठवायचा, "मार्क ४:३५ ते ४१", एवढंच. नाही पाठवला तर दुसऱ्यानं दुसऱ्या दिवशी फोन करून विचारपूस करायची, हजेरी घ्यायची नाही. आठवड्यातून एकदा भेटून वही उघडा. मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा असे दोघं जास्त टिकतात.

घडी मोडते तेव्हा

लग्नसराई, पाहुणे, पोरांच्या परीक्षा, नाताळची तयारी. घडी मोडणारच. अशा दिवसांसाठी "लहान नेम" आधीच ठरवून ठेवा: एक स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना, दोन मिनिटांत होईल असं. पाहुणे आले म्हणून मनन बंद करण्यापेक्षा त्यांना सोबत बसवा.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरांत आलं तेव्हा कित्येक कुटुंबांना नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलं. अशा वेळी वेळापत्रक कुठलं आणि वही कुठली! तेव्हा पाठ असलेलं कामी येतं. म्हणून चांगल्या दिवसांत महिन्याला एक छोटं स्तोत्र पाठ करा. २३ वं, १२१ वं, १ लं, या क्रमानं. आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरातलं जुनं शास्त्र आणि प्रार्थनेची वही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या फळीवर ठेवा.

खंड पडला तर सुटलेले अध्याय भरून काढायच्या मागं लागू नका. दहा अध्यायांची थकबाकी बघून माणूस शास्त्र उघडायलाच घाबरतो. वाचनाचा तक्ता केला असेल तर त्यावर आजची तारीख बघा आणि आजचं वाचा. रानात मान्ना (देवानं इस्राएली लोकांना दिलेलं अन्न) रोजचा रोज गोळा करायचा होता, कालचा साठवायचा नव्हता, हे निर्गमाच्या १६ व्या अध्यायात आहे.

मन लागत नाही तेव्हा

काही आठवडे असे येतात की शब्द डोळ्यांसमोरून जातात आणि आत काही पोचत नाही. पहिल्यांदा साधी कारणं बघा: झोप कमी आहे का, वाचनाची वेळ जेवणानंतरची आहे का, एकच पद्धत फार दिवस चालली आहे का. वाचण्याऐवजी ऐकून बघा, उतारा हातानं लिहून काढा, चालत प्रार्थना करा, गाणं म्हणा. एखाद्याशी वैर मनात असेल तर ते मिटवायला जा.

शोकात असाल तर आनंदाची वचनं स्वतःवर लादू नका. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे. ते म्हणणं हीसुद्धा प्रार्थना आहे.

पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर त्याला विश्वासाची कमतरता समजून गप्प बसू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी दाखवा, त्या वेळी एकटे राहू नका. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला आधी भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर येतं. पाळकांनाही सांगा. आणि तोवर शास्त्र हातात घेण्याचं बळ नसेल तर घरातल्या कुणीतरी जवळ बसून एक स्तोत्र वाचावं, तुम्ही नुसतं ऐकावं.